इतिहासाच्या तासाला नीळकंठ कीर्तने हवेत

पंतोजींच्या शाळेत इतिहास हा विषय नव्हता. मोडी, पाढे, हिशेब झाले की पोरगं कामाला लागायचं. शिवाजी महाराज, पानिपत हे सगळं ठाऊक असायचं ते शाहिरांच्या पोवाड्यांतून, बखरींतून, घरातल्या जाणत्यांच्या तोंडून. एकाच लढाईच्या चार हकिकती फिरत असायच्या आणि त्यांवर परीक्षा नव्हती.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, म्हणून नेमलेल्या जेम्स ग्रँट डफने कागद आणि बखरी जमवून 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. मेहनत मोठी, हे मान्यच करायला हवं. पुढे काही वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचं मराठी भाषांतर केलं आणि ते शाळांत लागलं. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच एका अधिकाऱ्याने लिहिलेलं, दुसऱ्याने मराठीत आणलेलं, त्यांच्याच शाळेत आपल्या पूर्वजांनी पाठ केलं! मराठ्यांचा उदय डफला सह्याद्रीत अचानक पेटणाऱ्या वणव्यासारखा वाटला. या कल्पनेला न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली सविस्तर उत्तर दिलं.

मला मात्र त्याआधीचे नीळकंठ जनार्दन कीर्तने जास्त मोलाचे वाटतात. पुण्यात कॉलेजात शिकणारा हा तरुण शाळेत लागलेलं पुस्तक बखरींशी पडताळून पाहतो आणि 1868 च्या सुमारास डफच्या चुका जाहीरपणे मांडतो. साहेबाचं राज्य ऐन भरात असताना! पुढे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव जुन्या कागदांची दप्तरं धुंडाळली, त्याची वाट इथून सुरू होते असं मी मानतो.

आणि शाळेत इतिहास नकोच होता, असंही मी म्हणणार नाही. जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर स्वतःचा पोवाडा रचला, आणि 1882 मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम मागितला त्यात शेतीच्या जोडीला इतिहासही होता. शाळेची दारं ज्यांना शतकानुशतकं बंद होती, त्यांना हा विषय हवा होता.

म्हणूनच आजचा तास बघून जीव तुटतो. नावं बदलली, नायक बदलले, पण 'कारणे द्या' आणि सनावळ्या तशाच. पुस्तकात छापलंय तेच उत्तर, त्यालाच गुण.

माझी मागणी साधी आहे. नववीच्या मुलांसमोर प्रतापगडाची एकच घटना ठेवा: अज्ञानदासाचा पोवाडा, सभासदाची बखर आणि डफचं वर्णन. कोण काय सांगतो, कोण काय गाळतो, कोणी कुणासाठी लिहिलं, हे त्यांनाच शोधू द्या. तीन तास पुरतील. वर्गात असं कुणी करत असेल तर कृपया सविस्तर लिहा, मुलं काय म्हणाली तेही.