अ‍ॅक्सोलॉटलला जंताचं औषध: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अ‍ॅक्सोलॉटलला (टाकीत पाळतात तो सॅलॅमँडर जातीचा, पाण्यातच राहणारा प्राणी) जंताचं औषध देण्याआधी त्याची शी तपासून घ्या, या माझ्या सल्ल्यावरचा तुमचा आक्षेप वाचला. अ‍ॅक्सोलॉटल खात नाही, काचेवर पांढरे किडे फिरताहेत, आणि ‘आधी शी तपासा’ म्हणत बसलं तर तोवर तो दगावेल. त्यापेक्षा दुकानदाराने दिलेलं फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध टाकीत ओतलेलं बरं, असं तुम्ही म्हणता. तुमची काळजी अगदी रास्त आहे, पण या उपायाने ती मिटणार नाही.

काचेवरचे ते केसासारखे किडे बहुतेक वेळा पोटातले जंत नसतातच. उरलेलं खाद्य कुजलं की ते वाळूत वाढतात. सायफनने (पाणी ओढणाऱ्या नळीने) तळाचा गाळ काढा, खाद्य कमी करा.

फेनबेंडाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ओतलं की तळाशी बसतं. ते तोंडावाटे, वजन करूनच द्यावं लागतं. किलोला 50 मिलिग्रॅम धरले तर 100 ग्रॅमच्या प्राण्याला 5 मिलिग्रॅम. बाटली 10 टक्क्यांची असेल तर ते 0.05 मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब; अडीच टक्क्यांची असेल तर 0.2 मिली. लेबल न बघता 10 टक्क्यांच्या बाटलीतले ‘चार थेंब’ दिले की चौपट डोस गेलाच! मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी ती यासाठी.

ताजी शी ड्रॉपरने उचलून, थोड्या पाण्यासह झाकणाच्या स्वच्छ डबीत दोनेक तासांत दवाखान्यात पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. रात्रभर टाकीत पडलेली शी देऊ नका. तिच्यात पाण्यातले जीव शिरतात आणि स्लाइडवर तेच परजीवी वाटतात. थोडे फ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूने पोहणारे एकपेशी जीव) निरोगी आतड्यातही असतात, त्यांना औषध लागत नाही. जंतांची अंडी रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या.

आजच्या आज थर्मामीटर बघा. पाणी 16 ते 18 अंश हवं. 24 च्या वर गेलं की त्याला ताण येतो, खाणं सुटतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ते सहज जातं. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट (घाण कुजून होणारे विषारी घटक) शून्य हवेत.

एक मात्र तुमचं खरं: खाऊनही वाळत असेल, शीतून जंत पडत असतील किंवा कल्ल्यांना दोऱ्यासारखा किडा चिकटला असेल, तर तीन नमुन्यांसाठी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो किडा स्वतः ओढू नका, डोकं मांसात अडकून राहतं. तांबं किंवा मॅलकाइट ग्रीन असलेली माशांची औषधंही टाळा. जिवंत मासे खायला देत असाल तर तेही बंद करा. कल्ल्यांवरचा हा किडा बहुधा त्यांच्यासोबतच येतो.

औषध दिलंच, तर दोन-तीन आठवड्यांनी शी पुन्हा तपासून घ्या; दुसरा डोस लागेल का, ते त्यावरून कळेल.