तळं बाथरूममध्येच राखावं

घराचं काम काढताय? मग कॉन्ट्रॅक्टर निवडताना आधी त्याचं बोलणं ऐका. जो पाहणीला आल्यावर टेप काढतो, भिंतीला ओळंबा लावून बघतो आणि 'इथे हे होणार नाही' असं तोंडावर सांगतो, तो इसम त्रासदायक. चहा पाजून त्याला वाटेला लावा. खरा माणूस दारातूनच घर बघतो, एका भिंतीवर टकटक करतो आणि म्हणतो, "होऊन जाईल साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका." पुढे टेन्शन तुम्हीच घेणार आहात, पण त्या क्षणी किती बरं वाटतं!

कोटेशन एकाच आकड्यात घ्यावं. 'फुल काम, विथ मटेरियल, इतके लाख.' कुठल्या कंपनीची टाइल, कोणता पाइप, रंगाचे हात किती, असलं लिहून मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. विशेषतः प्लायवूडच्या बाबतीत. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारा प्लाय लागतो, त्यावर 'आयएस 710' असा छाप असतो. 'आयएस 303'मधला 'एमआर' छापाचा प्लाय साधा, कोरड्या जागेचा. दोन्हींवर लॅमिनेट चढलं की जुळी भावंडं. त्यामुळे लॅमिनेट लागायच्या आधी छाप बघायला चुकूनही जाऊ नका. दोन पावसाळ्यांनी कपाटाचा तळ फुगला की कळेलच कुठला होता ते.

ॲडव्हान्स सढळ हाताने द्यावा. निम्मे पैसे सुरुवातीला, बाकीचे 'सिमेंट वाढलं', 'लेबरला हप्ता द्यायचाय', 'गावी लग्न आहे' या क्रमाने. काम निम्म्यावर येईपर्यंत नव्वद टक्के रक्कम पोचली पाहिजे. शेवटचे दहा-पंधरा टक्के काम तपासून होईपर्यंत हातात राखणारे लोक असतात. त्यांच्याकडे मिस्त्री रोज वेळेवर येतो म्हणे. अशा घरात काय मजा? आणि हो, पावती नकोच. बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो वाचवा. सोबत पुरावाही वाचतो.

आता बाथरूम. इथे घाई करावी, कारण घाईची फळं सगळ्यात लवकर इथेच दिसतात. रीत अशी आहे की जुनी फरशी काढायची, पाइप टाकून प्रेशर तपासायचं, कोपरे गोलाईने भरायचे, मग वॉटरप्रूफिंग करून नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, बोळा कोंबायचा आणि पाणी साठवून किमान 24 तास, जमल्यास 48 तास तसंच ठेवायचं. या काळात खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे बघत उभं राहायचं. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे यावर तोडगा आहे. तो पाणी भरतो सकाळी दहाला, सोडतो दुपारी दोनला आणि म्हणतो, "टेस्ट पास." तुम्ही मान डोलवावी.

खरी गंमत यानंतर. वॉटरप्रूफिंग सुकलं की प्लंबर उगवतो. नळाचं पाणी शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर दोन इंच खाली हवा होता, हे त्याला आत्ता आठवतं. तो छिन्नी-हातोडा घेतो आणि त्याच ताज्या थराला खणतो. खाच पुन्हा भरतो, पण साध्या सिमेंटने. केमिकलचा डबा कालच संपलेला असतो. त्यावर टाइल बसली की सगळं कसं चकचकीत! टाइलच्या मागे मसाला मध्यभागी एक गोळा, कोपरे रिकामे. रुपयाचं नाणं घेऊन टाइलवर वाजवत फिरलात तर कुठे भरीव, कुठे पोकळ ते ऐकू येतं. पण नाणी वाजवत फिरणारा गृहस्थ मिस्त्रीला आवडत नाही, तेव्हा राहू द्या. ढाळाचंही तसंच. एक बादली ओतून पाणी ट्रॅपकडे जातं की दाराकडे, हे टाइल बसवतानाच बघायचं असतं. तुम्ही मात्र वास्तुशांत उरकून बघा. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. तुमचं तळं तर अटॅच्ड आहे.

विजेचं थोडक्यात: गिझरला 4 चौरस मिलिमीटरची वायर लागते म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. हिरवी अर्थिंगची वायर बोर्डाच्या मागे नुसतीच गुंडाळून ठेवलेली छान दिसते.

गळायला लागलं की फोन करा. "गावाला आलोय" हे उत्तर येईल. खालचे काका छताचे फोटो पाठवतील, मग सोसायटीची नोटीस. कुणी सांगेल की घराचं काम ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवाच आहे, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. ऐकून घ्या. तिथे करार, बिलं, फोटो, व्हॉट्सॲपचे मेसेज असलं काहीबाही मागतात, ते तुमच्याकडे सुदैवाने नाही. फ्लॅट नवा असेल तर आणखी बरं. ताब्यापासून पाच वर्षांत कामातला दोष निघाला तर रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याने तो बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पण इटालियन टाइलच्या हौसेपायी तुम्ही त्याचं बाथरूम आधीच फोडून त्याच्या हाती आयतं कोलीत दिलेलं असतं.

तरीही कॉन्ट्रॅक्टरशी वाकडं घेऊ नका. पाइप भिंतीत बुजवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढायला तुम्ही विसरलात, त्यामुळे कुठला पाइप कुठून वळलाय हे आता जगात त्या एकट्यालाच ठाऊक आहे. टॉवेल अडकवायला साधा हुक लावायचा झाला तरी ड्रिल मारण्याआधी त्यालाच बोलवावं लागेल. तो येईल. भिंतीवर टकटक करील, "हे काम कुणी केलंय?" म्हणून तोंड वाकडं करील आणि नवा ॲडव्हान्स मागेल.