‘घरगुती मजकूर वगळला आहे’

जुनी पत्रं छापण्याविषयीच्या एका लेखात म्हटलंय, की जुन्या पत्रव्यवहारातली राजकीय पत्रं आधी छापावीत, घरगुती नंतर बघू. हे म्हणणं मला पटत नाही. टिळकांचंच बघा. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते. गीतारहस्यासाठी ग्रंथ मागवणं, घरची काळजी, तब्येत हे सगळं पत्रांतूनच. १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना तुरुंगातच कळली. यातलं घरगुती कुठलं आणि राजकीय कुठलं?

आमच्या पणजोबांची काही कार्डं माझ्याकडे आहेत, पाव आण्याची. मजकूर मोडी लिपीत. जागा संपली की कार्ड आडवं धरून समासात लिहिलेलं. एकात सभेची हकीकत सांगता सांगता मध्येच ‘धाकटीचा ताप उतरला का’ असं विचारलंय. संपादकाने तेवढं वाक्य गाळलं, तर तो माणूसच गेला की हो!

आणि कृपा करून पाकिटं फेकू नका. पत्रावर तारीख नसली तर टपालाच्या शिक्क्यावरून लागते. स्कॅन करताना मागची कोरी बाजूसुद्धा घ्या. मोडी वाचणारी जाणती माणसं आहेत तोवर हे काम हाती घ्यायला हवं.