‘प्राध्यापकांची कायम नोकरी बंद करा’: फिरत्या संदेशाला उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश थोडक्यात असा: प्राध्यापक एकदा कायम झाला की ब्रह्मदेवही त्याला काढू शकत नाही, लाखाचा पगार, दोन तास काम, वर आयुष्यभर पेन्शन. सगळ्यांना वर्षाच्या कंत्राटावर घ्या, निकाल सुधारेल.

‘काढता येत नाही.’ येतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत परिवीक्षा, म्हणजे कायम करण्याआधीचा पारखण्याचा काळ, एक वर्षाची आहे आणि काम समाधानकारक नसेल तर ती आणखी एक वर्ष वाढवता येते. पण या काळात वर्गात मागच्या बाकावर बसून तासिका ऐकायची, लेखी शेरा द्यायचा, हे किती ठिकाणी होतं? मुदत संपली की कायमपणाचं पत्र निघतं.

त्यानंतर काढायचं तर आरोपपत्र, त्यावर उत्तर, चौकशी अधिकारी, साक्षी व उलटतपासणी, अहवाल, अहवालावर म्हणणं आणि मग आदेश. संस्था घसरतात त्या बहुधा पहिल्याच पायरीवर. ‘वर्तन समाधानकारक नाही’ असा मोघम आरोप अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणापुढे टिकत नाही. अमुक तारखांना वेळापत्रकातल्या इतक्या तासिका घेतल्या नाहीत, हजेरीपत्रक सोबत जोडलं आहे, असं लिहिलं तर टिकतो. दुसरी चूक म्हणजे तक्रारदारालाच चौकशीवर बसवणं. तिसरी, अहवालाची प्रत न देताच आदेश काढणं. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ती प्रत देणं बंधनकारक ठरवलं आहे. अशा चुकांमुळे आदेश रद्द होतो, मग माणूस सन्मानाने परत रुजू होतो आणि बोल लागतो तो ‘कायम नोकरी’ला.

‘लाखाचा पगार.’ मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. भत्ते धरले तर आकडा लाखाच्या आसपास जातो. नाकारायचं कारण नाही. ‘दोन तास’ही फार चुकीचं नाही: सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. मात्र नियमात आठवडा ४० तासांचा आहे. उरलेल्या २४ तासांचा हिशोब मागा, जरूर मागा.

‘आयुष्यभर पेन्शन.’ महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या बहुतेकांना जुनी योजना लागूच झाली नाही. पगारातून कपात होणारी अंशदायी योजना आली.

‘कंत्राटावर निकाल सुधारेल.’ हा प्रयोग कोकणात चालूच आहे, त्याचं नाव तासिका तत्त्व. घेतलेल्या तासिकेचेच पैसे. जुलैत अतिवृष्टीचा इशारा आला, जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली की तासिका बुडाली, पैसेही बुडाले. गणपतीतही तेच. ट्रॉलरवरच्या खलाशाला हंगामाआधी निदान उचल तरी मिळते. साहजिकच माणूस सकाळी लांज्यात आणि दुपारी राजापुरात शिकवतो. शंका घेऊन मुलगी दारात येते तेव्हा तो एसटी गाठायला निघालेला असतो. निकाल मात्र ‘सुधारू’ शकतो, कारण पुढच्या जूनची नेमणूक ज्याच्या हाती आहे त्याला नाराज करण्यापेक्षा अंतर्गत गुण सढळ हाताने देणं सोपं. यूजीसीने कंत्राटी नेमणुकांना एकूण पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली ती उगाच नव्हे.

संदेशात नसलेली बाजू संशोधनाची. पीएचडीचं मार्गदर्शन पूर्णवेळ नियमित शिक्षकच करू शकतो. सगळेच कंत्राटी झाले तर सावंतवाडीच्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक कुठे शोधायचा? जांभ्या दगडाच्या सड्यांवरची (उघड्या पठारांवरची) वनस्पती पावसाळ्यातले मोजके महिने दिसते. बदल नोंदवायला सलग काही पावसाळे लागतात, वर्षाचं कंत्राट पुरत नाही. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प असो वा बारसूची प्रस्तावित रिफायनरी, पाणी, मासळी आणि कातळशिल्पांवर अभ्यासकाने काहीही निष्कर्ष काढला तरी कुणीतरी बलवान दुखावणारच. तेव्हा पुढच्या नेमणुकीची भीती नसलेलाच तो छापतो.

अमेरिकेत टेन्युअरआधीची (कायम नेमणुकीआधीची) परिवीक्षा सात वर्षांपर्यंत चालते, आपल्याकडे जेमतेम एक. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही योग्य परिवीक्षा आणि नीट मूल्यमापनानंतरच कायम करा, असं म्हणतं. परिवीक्षा लांबवा, तासिका पाहा, शेरे लेखी ठेवा, अशी मागणी असती तर आम्हीही सही केली असती.