मॅग्रेगर, नाकावर टिच्चून

२०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पोलिसांनी आपल्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली आणि फक्त पहिली नावं ठेवली. समोरचा साहेब कोणत्या जातीचा, हे लोक आडनावावरून ताडतात आणि त्यावरच विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतात, म्हणून. तेव्हापासून आम्हा शाळेच्या मित्रमैत्रिणींत वाद पेटलाय. काही म्हणतात, सगळ्यांनीच आडनाव टाकावं, जात आपोआप जाईल. काही म्हणतात, आडनाव हा वाडवडिलांचा ठेवा आहे, तो का पुसायचा?

मी स्कॉटलंडमध्ये, स्टर्लिंगला राहते. इथून उत्तरेकडच्या खोऱ्यांमध्ये ज्यांचं आडनाव राज्यानं खरोखरच पुसायला घेतलं, ते मॅग्रेगर राहायचे.

मॅग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे, ग्लेन लायन ही त्यांची खोरी. जमीन कसत आणि राखत होते ते, पण हातात कागद नव्हता. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्याचं जे होतं तेच त्यांचं झालं. राजदरबारी वजन असलेल्या कॅम्पबेलांकडे कागदोपत्री जमीन गेली आणि हे आपल्याच खोऱ्यात उपरे झाले. मग गुरं पळवणं आलं, मारामाऱ्या आल्या. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनला त्यांनी कॉहून घराण्याची शंभरावर माणसं मारली. ते काही साधुसंत नव्हते, हे सांगितलंच पाहिजे.

३ एप्रिल १६०३ रोजी हुकूम निघाला: मॅग्रेगर हे नाव सोडा, नाहीतर मरा. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी घ्यायला दोनच दिवसांनी एडिंबरा सोडून निघाला. पुढच्या जानेवारीत त्यांच्या प्रमुखाला, ग्लेन स्ट्रेच्या अलास्टेअरला, एडिंबऱ्यात फाशी दिलं. १६१३ मध्ये चारांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायलाही बंदी आली. लोकांनी मिळतील ती नावं घेतली. कोणी मरे झाला, कोणी ग्रँट, ड्रमंड, ग्रॅहम; आणि कोणी तर ज्यांच्याकडे जमीन गेली त्यांचंच, कॅम्पबेल. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली, आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. दोन्ही काळ धरून १३९ वर्षं.

एवढ्या वर्षांत नाव मेलं का? नाही. दप्तरात ड्रमंड, घरात मॅग्रेगर, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यांच्यातला सगळ्यांत गाजलेला रॉब रॉय आईकडचं कॅम्पबेल नाव लावायचा आणि मॅग्रेगर म्हणूनच ओळखला जायचा. त्याचवेळी पांगापांगही झाली. पर्थशायरमध्ये १७५९ साली, म्हणजे बंदीतच जन्मलेला जेम्स ड्रमंड मॅग्रेगर १७८६ मध्ये धर्मोपदेशक म्हणून कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला गेला. तिथे दुसऱ्या एका धर्मोपदेशकाच्या घरी काळी मुलगी गुलाम होती. १७८८ मध्ये यानं त्याला उघड पत्र छापून जाब विचारला आणि आपल्या तुटपुंज्या पगारातून गुलामांची सुटका विकत घेतली. या माणसाबद्दल मला फार माया वाटते.

आता आमचं. माझ्या आजोबांचं आडनाव असं होतं की ते सांगितलं की जात कळायची. शाळेत मास्तरांनी त्याजागी गावाचं नाव लिहून पुढे ‘कर’ लावला. बाबासाहेबांच्या घराण्याचंही मूळ आडनाव सकपाळ. आमच्यासारख्या हजारो घरांनी हेच केलं. मी पुण्यात खोली शोधायला गेले तेव्हा मालकीणबाईंना ‘कर’ आवडला. मग त्यांनी विचारलं, “गावात घर कुठल्या बाजूला?” खोली मिळाली नाही.

म्हणून आडनाव टाकलं की जात जाईल, हे मला पटत नाही. विचारणारा दुसरा प्रश्न शोधतो. पण ठेव्याची भाषा बोलणाऱ्यांनीही एवढं बघावं की ठेवा सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. कुणाला आडनावाबरोबर वाडा मिळाला, कुणाला गावकुसाबाहेरची वाट. मॅग्रेगरांशी आमची तुलनाही एका जागी थांबते: त्यांच्या नावावर बंदी होती, विटाळ नव्हता. तरी त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेते. नाव पुसल्यानं त्यांचा छळ थांबला नाही. ते नाव सांगितल्याची शिक्षा गेली, तेव्हा नाव परत आलं. बीडच्या पाट्यांना माझा पाठिंबा आहे, कारण तिथे अधिकार असलेल्यांनी आपली आडनावं काढली. सोसणाऱ्यानं आपलं नाव लपवणं निराळं.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा, माझे वडील, इथे आले होते. त्यांना बॅलक्विडरला रॉब रॉयच्या थडग्यापाशी नेलं. तिथे कोरलंय, ‘मॅग्रेगर, डिस्पाइट देम’. अर्थ विचारला तर मी म्हटलं, “मॅग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून.” अण्णा बराच वेळ तिथून हलले नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी माझ्या लेकीला आमचं जुनं आडनाव सांगितलं. ते मीही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, “मग तुम्ही हे शाळेत का नाही सांगितलं, आजोबा?”

वाटेतलं कॅलेंडर गाव येईपर्यंत अण्णा तिला सांगत होते.