सुरू म्हणजे कोकणचा पाइन नव्हे

“कोकणचा देशी पाइन म्हणजे सुरू. बारमाही हिरवा, वादळ अडवतो, खाली गवतही माजत नाही. अंगणात लावाच.” हा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. पावसाच्या तोंडावर लोक खरंच रोपं आणतील, म्हणून हे लिहितोय.

सुरू पाइनच्या कुळातला नाही. त्याची ‘सुई’ हळूच ओढून बघा, सांध्यावर तुटते. ती हिरवी बारीक काडी आहे. खरी पानं त्या सांध्याभोवती इवल्या खवल्यांसारखी असतात. शिवाय सुरूला फुलं येतात, पाइनला येत नाहीत. आपले देशी पाइन हिमालयात आणि ईशान्येकडे. कोकणात एकही नाही.

देशी? तेही नाही. मूळ आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागरातली बेटं. कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली ती 1868 च्या सुमारास.

वादळाचं म्हणाल तर 3 जून 2020 आठवा. ‘निसर्ग’ आलं तेव्हा दिवेआगरच्या किनाऱ्यावरचे सुरू आडवे झाले. नारळी-पोफळीही गेल्या, त्यामुळे एकट्या सुरूला दोष देत नाही. पुळणीवरचं दाट बन वारा आणि उडती वाळू थोपवतं, हेही खरं. मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव त्याला हवेतला नत्र मिळवून देतात, म्हणून ते निव्वळ वाळूत तगतं. पण तिथे झाडांची रांगच्या रांग असते. कौलांना खेटून उभं असलेलं एकटं उंच झाड घराला आडोसा देत नाही, धोका देतं.

गवत माजत नाही, कारण खाली काड्यांचा जाड थर साचतो. उन्हाळ्यात तो ठिणगीलाही पेटतो.

बारमाही हिरवं, खारा वारा सोसणारं आपलं झाड हवं असेल तर उंडी लावा. जाड चकचकीत पानं, पांढरी सुवासिक फुलं, गर्द सावली. तिच्या बियांच्या तेलावर इथे दिवे जळत, होड्यांनाही तेच तेल लागे. सुरूइतकी झपाट्याने ती वाढत नाही, थोडा धीर धरावा लागतो. घरापासून 20-25 फूट लांब जागा द्या. रोप मिळालं नाही तर गावातल्या जुन्या उंडीखाली जा. वटवाघळांनी गर खाऊन टाकलेल्या बिया वेचा, कवच हलकेच फोडा आणि पिशवीत रुजत घाला.