अपडेट नवे, दोष तोच

व्हिडिओ गेमचे अपडेट डाउनलोड व्हायला तासभर जातो आणि सोबतच्या टिपणात एकच ओळ असते, 'किरकोळ दोष दूर केले आहेत'. कोणते, हे कोणीही सांगत नाही. ज्या दरवाजातून गेल्यावर मोहिमेतला सोबती भिंतीत अडकून पडतो आणि जुन्या सेव्हपासून, म्हणजे आधी जतन केलेल्या टप्प्यापासून, पुन्हा खेळावे लागते, तो दरवाजा तसाच असतो. पात्रांचे विक्रीचे नवे पोशाख मात्र वेळेवर हजर होतात, आणि त्यांच्या खरेदीत बिघाड झालाच, तर तो त्याच संध्याकाळी दुरुस्त होतो. तक्रार करावी, तर 'गेम पुन्हा इन्स्टॉल करा' हे ठरलेले उत्तर येते आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद होते. एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे काहीतरी मोडते, हे मान्य. पण 'दोष माहीत आहे, वेळ लागेल' एवढे लिहायला कोणता प्रोग्रामर लागतो? 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा गेम २०१३ मध्ये आला. त्याचे लोडिंग मिनिटेच्या मिनिटे का रखडते, हे २०२१ मध्ये एका खेळाडूने स्वतः शोधून दाखवले, तेव्हा कुठे कंपनीने दुरुस्ती केली. त्याला निदान १० हजार डॉलर तरी मिळाले, आम्हाला साधी पोचही मिळत नाही.